प्रोसेसरचे तापमान: बायोसचा आकडा की प्रोग्रॅमचा?
धरमपेठेतल्या भाच्याच्या डेस्कटॉपवर मे महिन्यात, खोलीत 38 अंश असताना, तापमान दाखवणारा प्रोग्रॅम प्रोसेसर 29 अंशांवर दाखवत होता. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा गार असूच शकत नाही, तेव्हा बायोसवर (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) विसंबावे की प्रोग्रॅम बदलावा, असा त्याला पेच पडला. खर्च दोन्हींत शून्य. अचूकतेत मात्र फरक आहे: बायोसमध्ये वीजबचतीच्या अवस्था बहुधा चालू नसल्याने रिकामा प्रोसेसरही तिथे अधिक तापलेला दिसतो, आणि भाराखालचे, म्हणजे जड काम चालू असतानाचे, तापमान कळतच नाही. प्रोग्रॅम ते दाखवतो, पण जुनी आवृत्ती नव्या प्रोसेसरचा सेन्सर चुकीचा वाचू शकते; एएमडीच्या रायझन 7 1800एक्स या प्रोसेसरच्या आकड्यात तर 20 अंश मुद्दाम मिळवलेले असतात. कूलर (वाळ्याचा नव्हे, प्रोसेसरवरचा) नीट बसला आहे का, एवढेच पाहायचे असेल तर बायोस पुरे. गेम किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्याने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्यावी.