वेल्क्रोचा कॉम्प्रेशन रॅप : आत्याच्या पायाच्या जखमेसाठी घेतला, वापरून कसा वाटला

घरात कुणा म्हाताऱ्या माणसाच्या घोट्याजवळची जखम भरतच नाहीय, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. माझी आत्या बेळगावच्या वडगावची, उभं आयुष्य पॉवरलूमवर उभं राहून गेलं, पायात व्हेरिकोजच्या शिरा आधीपासूनच होत्या, मग आतल्या घोट्याच्या वर जखम झाली आणि ती हटेचना. मलम झालं, हळद झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. शिरांमधल्या झडपा नीट बंद होत नाहीत म्हणून रक्त पायातच साचतं, सूज येते आणि कातडी तिथं भरून येत नाही, त्यामुळे अशा जखमेला मुख्य औषध म्हणजे बाहेरून दाब, हे आम्हाला खूप उशिरा कुणीतरी समजावून सांगितलं.

आधी क्रेप बँडेज बांधायचो. रोज कुणाचा तरी हात लागायचा, कधी सैल कधी घट्ट, दुपारपर्यंत खाली घसरून घोट्याशी गोळा. पाणी वाहायचं, ड्रेसिंग भिजायचं. आत्यानं भजनाला जाणंच सोडलं होतं, कुणी आलं की पाय पदराखाली ओढून घ्यायची आणि मला हळूच विचारायची, "वास मारालाय काय गं, बघ की." जखमेच्या दुखण्यापेक्षा त्या वासाच्या धास्तीनंच ती जास्त खचली होती, आणि दवाखान्यात हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

हा रॅप म्हणजे जाड कापडाचे पट्टे, एकावर एक ओढून वेल्क्रोनं चिकटवायचे. आत पातळ लाइनर. दाब देणारं घट्ट स्टॉकिंग (लांब मोजा) चढवायला बोटांत जोर लागतो, आत्याच्या बोटांत संधिवात, तिला ते जमणं शक्यच नव्हतं. हे मात्र ती स्वतः लावते. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवायच्या आधीच लावायचं, तेव्हा सूज सगळ्यात कमी असते, आणि सुरुवात घोट्याकडून, मग वर. सूज उतरली की स्टॉकिंग ढिलं पडतं, इथं पट्टा थोडा अजून ओढला की झालं. आत ड्रेसिंग करावंच लागतं बरं का, रॅप त्याची जागा घेत नाही.

पण एक गोष्ट हात जोडून सांगते, डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर दाबानं पाय धोक्यात येतो. डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र) लावून घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजतात, घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीनं भागून येणारा आकडा ०.८ च्या खाली आला तर असा पूर्ण दाब देत नाहीत. शुगरवाल्यांनी तर जास्तच जपावं, त्यांच्यात कधीकधी हा आकडा फसवा जास्त येतो. आणि बोटं निळी, गार किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करा.

तक्रारी पण आहेत. किंमत क्रेपच्या कितीतरी पट. रॅपचा पावलावरचा भाग लावला की नेहमीच्या चपला बसत नाहीत, मोठ्या पट्ट्याच्या घ्याव्या लागल्या. वेल्क्रो साडीच्या काठाला धरतं, काठाचे दोरे निघाले, आता ती वरून जुनं सुती फडकं गुंडाळते. सोबतचा कागद इंग्रजीत, ना मराठी ना कन्नड, म्हणजे जी म्हातारी माणसं हे वापरणार त्यांनाच वाचता येत नाही, हे खरंच चुकीचं आहे. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर कन्नड, त्यांनी अर्ध्या कन्नडमध्ये अर्ध्या मराठीत करून दाखवलं आणि पट्टा कुठवर ओढायचा तिथं पेनानं खूण करून दिली, त्यानंतर आत्याचं कधी अडलं नाही.

जखम हळूहळू आकसत गेली, पाणी कमी झालं, वास गेला, आत्या भजनाला परत जायला लागली. भरल्यावरही दाब सोडायचा नाही म्हणून सांगितलंय, नाहीतर परत उघडते.

घेणार असाल तर घोटा आणि पोटरी सकाळी मोजून न्या, आणि लाइनर दोन तरी घ्या, आपल्या बेळगावच्या पावसात एक धुतलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही.