सॅटर्न : मालकांनी जीव लावलेली गाडी

जपानी छोट्या गाड्यांना तोंड देण्यासाठी जनरल मोटर्सने १९८५ मध्ये सॅटर्न ही स्वतंत्र कंपनी काढली आणि १९९० मध्ये टेनेसीतील स्प्रिंग हिलच्या कारखान्यातून तिची पहिली गाडी बाहेर पडली. मला या गाडीचे सर्वाधिक कौतुक वाटते ते दारांच्या प्लास्टिक पॅनेलचे. शेजारच्या गाडीचे दार आपटले तरी सहसा पोचा पडत नाही, हाताने दाबलेला भाग सोडताच पूर्ववत होतो. मात्र उन्हात प्लास्टिक प्रसरण पावत असल्याने पॅनेलमधील फटी रुंद ठेवाव्या लागल्या आणि त्या डोळ्यांना खुपतात.

शोरूममध्ये घासाघीस नव्हती, किंमत ठरलेली असे. या सचोटीवर लोक इतके खूश होते की १९९४ च्या स्नेहमेळाव्यासाठी हजारो मालक गाड्या घेऊन थेट कारखान्यात आले. पुढे नव्या मॉडेलांसाठी पुरेसा पैसा मिळाला नाही, २००९ मध्ये हा ब्रँड दुसऱ्या कंपनीला विकण्याचा व्यवहार फिसकटला आणि तो बंद झाला, हे मला अन्यायाचे वाटते.

जुनी एस-मालिका, म्हणजे सॅटर्नची सुरुवातीची छोटी गाडी, घेणाऱ्याने डिपस्टिक (इंजिनातील तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) नियमित तपासावी, कारण ही इंजिने तेल जास्त खातात.