डॅन्यूबवरची ख्रिसमस मार्केट क्रूझ : बोट झकास, पण दिवे लागायच्या वेळेला परत बोलावतात

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे वयाच्या मानाने बरे), जर्मनीतलं न्युरेंबर्ग ते हंगेरीतलं बुडापेस्ट अशी सात रात्रींची रिव्हर क्रूझ केली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या बहुतेक गोष्टी या रूटवर कुठलीही बोट घेतलीत तरी लागू होतील. ठाण्यात परत आल्यापासून निम्म्या सोसायटीने कशी झाली म्हणून विचारून झालंय, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी चांगलं. आईंना घेऊन युरोप करायचा तर रोज बॅग भरा, रोज हॉटेल बदला, बसमध्ये सात-सात तास बसा हे जमणारं नव्हतं. इथे शनिवारी एकदा बॅग उघडली ती पुढच्या शनिवारीच बंद केली. सकाळी पडदा बाजूला केला की नवीन गाव. समुद्रातल्या क्रूझसारखी बोट हलत नाही, आईंनी नेलेल्या उलटीच्या गोळ्या तशाच परत आल्या. बोटीवर जेमतेम दीडशे माणसं, त्यात बहुतेक रिटायर्ड अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन, दोन दिवसांत सगळे आईंना ‘मम्मा’ म्हणायला लागले.

आता मुख्य तक्रार, आणि हा रिव्ह्यू मी खरं तर तिच्यासाठीच लिहितेय. ख्रिसमस मार्केट ही अंधारात बघायची गोष्ट आहे. डिसेंबरात तिकडे सव्वाचारला सूर्य मावळतो, मग दिवे लागतात, वाफाळते मग घेऊन ऑफिसमधून सुटलेली लोकं येतात आणि तेव्हा कुठे त्या बाजारात जीव येतो. दुपारी बाराला तोच बाजार बघितलात तर लाकडी टपऱ्या आणि त्यात टांगलेले तारे, एवढंच. आणि बोटीचं टाइमटेबल नेमकं उलटं! सकाळी उतरवायचं, गाईडबरोबर फिरवायचं, आणि चार-पाचला परत, कारण रात्रीत पुढचं गाव गाठायचं असतं आणि सातला डिनर असतं.

न्युरेंबर्गला हेच झालं. हा बाजार जर्मनीतल्या सगळ्यात नावाजलेल्यांपैकी, १६२८ पासूनचा पुरावा आहे त्याचा (आई लगेच म्हणाल्या, “अगं म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचा”). लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचे मांडव, मागे फ्राउएनकिर्श चर्च. पण बोट उभी गावाबाहेर कॅनॉलवर, तिथून बस, आणि शेवटची परतीची बस चारला! आम्ही बसमध्ये चढत होतो आणि मागे एकेक दिवा लागत होता. मी अक्षरशः मान वळवून बघत बसले. रात्री नऊपर्यंत चालणारा बाजार आणि आम्ही साडेसातला बोटीवर सूप पीत होतो.

जे मिळालं त्यात खाल्लं मात्र भरपूर. नवऱ्याने तिथले बोटाएवढे सॉसेज घातलेले पाव, एका पावात तीन असतात, असे दोन हाणले. मी आणि आईंनी लेबकुखन घेतला. आपल्याकडे कोणी जिंजरब्रेड म्हणेल पण यातला ‘एलिझन’ नावाचा घ्या, त्यात सुकामेवा कमीत कमी २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असा नियमच आहे, त्यामुळे तो बिस्किटापेक्षा आपल्या सुकामेव्याच्या वडीकडे जास्त झुकतो. त्यात अंडं असतं, पण आईंना केकमधलं अंडं चालतं, कारण ते दिसत नाही. सुक्या आलुबुखारांची माणसंसुद्धा करून विकतात तिथे, मनुक्यासारखी सुरकुतलेली, आणि खायची नाहीत, नुसती ठेवायची. एवढ्या फळाची नासाडी आईंना शेवटपर्यंत पटली नाही.

त्या रात्रीचा कॅनॉल मात्र कुठल्याच ब्रोशरमध्ये नीट सांगितलेला नव्हता आणि माझ्यासाठी तोच हायलाइट ठरला. हा माईन-डॅन्यूब कॅनॉल १९९२ मध्ये पूर्ण झाला, १७१ किलोमीटर, १६ लॉक. बोट डोंगर चढते म्हणजे कशी चढते हे बघायला मी जेवणानंतर कोट घालून बाहेर जाऊन उभी राहिले. काँक्रीटच्या खोल हौदात, म्हणजेच लॉकमध्ये, बोट शिरते, हौद १२ मीटर रुंद, बोट ११.४, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर जागा. मागचा दरवाजा बंद, पाणी भरायला लागतं आणि अख्खं हॉटेल गुपचूप वर सरकतं. तिथले तीन लॉक एकेका वेळी जवळपास २५ मीटर उचलतात, आठ मजली बिल्डिंग समजा. असं करत ४०६ मीटर उंचीवर जायचं आणि पलीकडे परत उतरायचं. पूल इतके खाली की वरच्या डेकचं रेलिंगसुद्धा आडवं करून ठेवलेलं, त्यामुळे डेक दोन दिवस बंदच होता. झोप हलकी असेल तर इअरप्लग न्या, रात्रभर मधूनच धप्पकन आवाज येतो.

रेगेन्सबर्गला नशिबाने सात वाजेपर्यंत वेळ होता. थुर्न उंड टॅक्सिस राजवाड्याच्या अंगणातला बाजार, याला तिकीट आहे, पण दिलेले पैसे वसूल. मशाली, शेकोट्या, खाली चिखल होऊ नये म्हणून पसरलेला लाकडाचा भुसा, धुराचा वास. गावातला फुकटचा बाजारही ठीक आहे पण तो दुपारी उरकून संध्याकाळ इथे काढा. ग्लूवाइन इथेच पहिल्यांदा नीट प्यायले, गरम रेड वाइनमध्ये दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, आणि नवरा म्हणतो तसा ‘सर्दीच्या काढ्याला प्रमोशन मिळालंय’. आईंनी बिनदारूचा किंडरपुन्श घेतला. मगाचं डिपॉझिट वेगळं घेतात, तो परत केला की पैसे परत, ठेवून घेतलात तर तोच तुमचा सूव्हेनिर. दुकानातल्या मॅग्नेटपेक्षा शंभर पटीने बरा.

पासाऊला परत तीच रड, तीनला बोट सुटली. गाव गोड आहे, डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्यांचा संगम, कॅथेड्रलमधला ऑर्गन जवळपास १८ हजार पाइपचा आणि बाजार त्याच्याच समोर. टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, २०१३ ची खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. नदीवरची क्रूझ म्हटल्यावर हेही धरून चला, पाणी फार वाढलं किंवा फार उतरलं तर बोट अडकते आणि तुम्हाला बसने पुढे नेतात. आमच्या वेळी तसं काही झालं नाही. मेल्कचा मठ बघितला, भव्य आहे, पायऱ्याही भव्य आहेत. तिथून क्रेम्सपर्यंतचा वाखाऊ खोऱ्याचा पट्टा दिवसाउजेडी गेला, तेवढा एकच वेळ टाइमटेबलला शाबासकी.

गुरुवारी व्हिएन्ना, आणि तो निघाला मार्गशीर्षातला गुरुवार. आईंनी केबिनमध्ये पाण्याच्या ग्लासावर बोटीवरचं सफरचंद ठेवून घट मांडला. केबिनमध्ये ज्योत पेटवायला सक्त मनाई, म्हणून रेगेन्सबर्गच्या बाजारातून घेतलेला बॅटरीचा दिवा लावला. क्लीनिंगवाली पोरगी पूजेला हात न लावता आजूबाजूचं सगळं आवरून गेली, तिला माझ्याकडून दहापैकी दहा. उपासाला काय, तर रस्त्यावरचे भाजलेले चेस्टनट, ‘मारोनी’ म्हणतात. चालतात की नाही यावर ठाण्याला फोन लावून मावशींचं मत घेतलं, ‘शिंगाड्याच्या नात्यातला दिसतोय, खा’ असा निकाल आला. वनस्पतीशास्त्राला विचारू नका.

व्हिएन्नात बोट रात्री साडेअकरापर्यंत थांबली, त्यामुळे आम्ही बोटीचं डिनर सरळ बुडवलं, यू१ मेट्रो पकडली आणि आधी कार्ल्सप्लाट्झचा हस्तकलेचा बाजार, मग राटहाउसचा, म्हणजे टाउन हॉलसमोरचा, मोठा बाजार केला. राटहाउस देखणं पण गर्दी दादर स्टेशनची. कार्ल्सप्लाट्झ निवांत, खरेदी तिथे करा. आईंनी पूजा करून तिथेच बटाट्याच्या धिरड्यांवर उपास सोडला, सोबत सफरचंदाची चटणी देतात, ती गोड निघाली म्हणून पर्समधून लसणाची काढली.

दुसरी मोठी तक्रार बाल्कनीची. फ्रेंच बाल्कनीचे माणशी चाळीसेक हजार जास्त भरले. एकतर ती बाल्कनी नसतेच, सरकतं काचेचं दार आणि पुढे कठडा. त्यात धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात, सकाळी पडदा उघडला तर समोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतले एक आजोबा बनियनवर दात घासत होते. त्यांनी हात केला, मीही केला. डिसेंबरच्या थंडीत ते दार आठवड्यात दोनदा उघडलं असेल. खालच्या डेकची छोट्या खिडकीची केबिन घ्या आणि वाचलेले पैसे हॉटेलात घाला.

हॉटेलात म्हणजे असं, की सुरुवातीला दोन रात्री न्युरेंबर्गला स्वतःच्या स्वतः राहा आणि शेवटी दोन रात्री बुडापेस्टला. आम्ही बुडापेस्टला तसं केलं म्हणून वाचलो. शुक्रवारी अंधार पडल्यावर बोट पार्लमेंटसमोरून गेली, सगळं सोनेरी, डेकवर कोणी बोलेना. आणि शनिवारी बोट सोडल्यावर बॅसिलिकासमोरच्या बाजारात आम्ही पाचपासून दहापर्यंत होतो, कोणाची बस नाही, गाईडचं रेडिओ कानात नाही. चर्चच्या भिंतीवर लाइट शो चालतो तो तीनदा बघितला. लांगोश खाल्ला, म्हणजे लसूण, चीज आणि आंबट साय लावलेला भलामोठा भटुराच. महाग आहे, तिघांत एक पुरतो.

बोटीवरचं व्हेज जेवण पहिले दोन दिवस पास्ता आणि उकडलेली भाजी, तिसऱ्या दिवशी शेफला भेटून तिखट मागितल्यावर सुधारलं. बुकिंगच्या वेळी लिहून दिलेलं त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. टिप माणशी दिवसाला १२ युरो ‘सुचवतात’, ती धरून बजेट करा. सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, जाड सोलचे बूट हवेत, फॅशन नंतर.

बुक करण्याआधी एजंटला प्रत्येक गावातून बोट किती वाजता सुटते ते लेखी विचारा. गावांची यादी सगळ्यांची सारखीच दिसते, वेळा सारख्या नसतात. आमच्या एजंटने ‘फुल डे’ एवढंच सांगितलं होतं. आणि ग्लूवाइनचे मग घरी आणाल तर हँडबॅगेत आणा, आमच्या सहांपैकी रेगेन्सबर्गच्या मगाचा कान बॅगेत तुटला, आता आईंनी त्यात पुदिना लावलाय.