स्वतः नमुना घ्यावा की सिस्टरकडून तपासून घ्यावं?

पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या, कॅन्सरची तपासणी म्हटलं की बाया आधी टेबलाचंच बोलतात. झोपा, पाय वर घ्या, पडदा अर्धाच ओढलेला, आणि सिस्टर गावातलीच असली तर उद्या तीच बाजारात भेटणार. शिवाय ‘मला काही त्रास नाही, मग कशाला?’ हे आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायांमध्ये ही तपासणी एकदा तरी करून घेतलेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत. या कॅन्सरनं देशात वर्षाला पाऊण लाखाहून जास्त बाया जातात.

आता दुसरी वाट आलीय. बाईनं मऊ ब्रशनं स्वतःच अंगातला नमुना घ्यायचा आणि नळीत घालून द्यायचा. खासगी लॅब आणि काही प्रकल्पांची शिबिरं ही सोय देतात. सरकारी उपकेंद्रात मात्र बहुतेक ठिकाणी सिस्टर किंवा सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारीच तपासतात. माझा कल आधीच सांगून टाकते: जी टेबलावर जाणारच नाही तिनं स्वतः नमुना द्यावा. फक्त पॉझिटिव्ह आलं तर पुढं कुठं जायचं, हे विचारल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये.

या दोन तपासण्या मुळातच वेगळ्या आहेत. उपकेंद्रातली ती व्हीआयए. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघतात. फुकट, आणि निकाल तिथल्या तिथं. स्वतः घेतलेल्या नमुन्यातून एचपीव्ही हा व्हायरस शोधतात, कारण तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तरच हा कॅन्सर होतो. त्यासाठी लॅब लागते, निकालाला दिवस लागतात, आणि बाहेर केली तर पैसेही लागतात. पॅप स्मीअर तिसरी. त्यात पेशी बघायच्या असतात, त्यामुळे ती स्वतः घेतलेल्या नमुन्यावर नीट होत नाही. ती इथंच सोडू.

व्हायरसची तपासणी किती कामाची, याचा जगभर दिला जाणारा पुरावा आपल्याच मातीतला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडले. कुठं एचपीव्ही, कुठं पॅप, कुठं व्हीआयए, आणि एका गटात नेहमीची सेवा तेवढी. २००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू नेहमीच्या सेवेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे झाले होते. एकदाच केलेल्या व्हीआयएनं किंवा पॅपनं तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून व्हीआयए फुकाची असंही नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण दर दोन वर्षांनी उपकेंद्रात जाणारी बाई मला दाखवा.

धाराशिवच्या अभ्यासात नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते. मग स्वतः घेतलेला तितका भरवशाचा का? टेस्ट पीसीआर पद्धतीची, म्हणजे व्हायरसच्या जनुकाच्या प्रती वाढवून तो शोधणारी, असेल तर डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास बरोबरीची निघते. जुन्या काही पद्धतींमध्ये ती थोडी कमी पडते. म्हणून लॅबला ‘पीसीआरवर करता का?’ एवढं विचाराच. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२१ पासून दोन्ही नमुने चालतात असं सांगितलंय.

आमच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आशाताईनं तो ब्रश सगळ्यांना दाखवला. काजळकांडीएवढा दांडा, टोकाला मऊ केस. पहिला प्रश्न अर्थातच, “आन् आतच राहिला म्हंजे?” राहत नाही, दांड्यावरच्या खुणेपर्यंतच घालायचा, साधारण बोटभर, सांगतील तितके फेरे फिरवायचा, बाहेर काढून नळीत घालायचा. पिशवीच्या तोंडाला टेकलाच पाहिजे असं नाही. मोरीत उकिडवं बसून किंवा एक पाय बादलीवर ठेवून दोन मिनिटांत होतं. पाळीत घेऊ नये, आणि आत ठेवायची गोळी चालू असेल तर दोन दिवस थांबावं. तरुण पोरींना ते सोपं वाटलं. एक मावशी मात्र अडून बसल्या, “मी घेतलेलं बरोबर निघंल कशावरनं? डॉक्टर उगंच शिकला व्हय?” ही शंका त्या एकट्यांची नाही. जिथं जिथं बायांना विचारलं गेलं तिथं लाज कमी वाटली, दुखलं नाही असं बहुतेकींनी सांगितलं, आणि ‘नीट घेतलं गेलं का’ ही धाकधूक तेवढी मागं राहिली. नमुना अपुरा असला तर बऱ्याच चाचण्या तसं कळवतात. मग परत घ्यायचा, इतकंच.

त्या हळदी-कुंकवाला विधवा बायांना बोलावणं नव्हतं, हे मला घरी आल्यावर खटकलं. व्हायरस नवऱ्याबरोबर जात नाही. ६५ वर्षांपर्यंत तपासणी त्यांनाही हवी, पाळी गेलेल्यांनाही हवी. उलट पाळी गेल्यावर पिशवीच्या तोंडाचा बघायचा भाग आत सरकतो, व्हीआयएला तो नीट दिसत नाही. म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या बाईला एचपीव्हीच बरी.

आता पॉझिटिव्हचं. धाराशिवच्या त्या एचपीव्ही गटात दहातली साधारण एक पॉझिटिव्ह आली होती, आणि त्या सगळ्यांना कॅन्सर नव्हता. बहुतेकींचा व्हायरस वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, आणि ज्यांचा राहतो त्यांनाही कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५-२० वर्षं लागतात. पण पॉझिटिव्ह आल्यावर टेबल चुकत नाही. व्हीआयए किंवा दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कॉल्पोस्कोपी, करावीच लागते. डाग निघाला तर बहुतेक वेळा तो उष्णतेनं जाळून किंवा तारेनं कापून काढतात, पिशवी शाबूत राहते आणि बाई त्याच दिवशी घरी येते. ही सोय असलेलं ठिकाण म्हणजे आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं.

हे इतकं लांबण लावून सांगण्याचं कारण बीड. २०१९ मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पाणी जातं एवढ्यावर कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केल्याचं किती तरी जणींनी तेव्हा सांगितलं. उद्या तीच भीती एचपीव्हीच्या कागदावरून घालता येईल. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर पिशवी काढायचं कुणी सुचवलं, तर कागद उचला आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. ज्यांची आधीच काढलीय त्यांनी डिस्चार्ज कार्डावर पिशवी तोंडासकट काढली की तोंड ठेवलं ते बघून घ्यावं. तोंड शिल्लक असेल तर तपासणी लागते.

दिवाळीच्या तोंडावर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, निघालेल्या बाईला मी स्वतःचा नमुना सुचवणार नाही. रिपोर्ट गावात येईल तेव्हा ती सांगलीत नाहीतर कर्नाटकात असेल. तिनं जाण्याआधी व्हीआयए करून घ्यावी, निकाल हातोहात मिळतो. पाडव्याला परत आल्यावर मात्र पाच-सहा महिने मिळतात, तेव्हा एचपीव्ही करावी.

पाळीच्या मधेच, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर अंगावरून रक्त जात असेल, किंवा जाणाऱ्या पाण्याला घाण वास येत असेल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. सरळ डॉक्टरकडं जा. एचआयव्ही असेल तर २५ पासून आणि जास्त वेळा तपासणी लागते, एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी सेंटरला विचारा.

राहिला नवरा. हा व्हायरस संबंधातून येतो हे कळलं की घरात संशयाला ऊत येतो. एकाच जोडीदाराबरोबर राहूनही तो होतो, कित्येक वर्षं गप्प राहतो, आणि कुणाकडून कधी आला हे कुठलीच तपासणी सांगत नाही. एवढं घरात आधी बोलून ठेवता आलं तर उत्तम. ते जमण्यासारखं नसेल तर फॉर्मवर मोबाईल नंबर कुणाचा लिहिता ते बघा. बऱ्याच जणी सवयीनं नवऱ्याचा किंवा पोराचा नंबर देतात आणि रिपोर्टचा मेसेज त्यांच्याकडं जातो. आशाताईचा नंबर चालेल का ते विचारून घ्या, नाहीतर रिपोर्ट मीच येऊन घेऊन जाईन असं लिहून द्या.