बोअरची जागा: व्हीईएस की ईआरटी?

महाराष्ट्राच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या मुरमाड थरांत. त्यामुळे बोअर घेण्याआधी जमिनीची विद्युत रोधकता (जमीन विजेला किती अडवते ते; ओल्या जागी ती कमी असते) मोजून घ्यावीच, असं माझं ठाम मत आहे. मग कोणत्या पद्धतीने?

व्हीईएसमध्ये (व्हर्टिकल इलेक्ट्रिकल साउंडिंग, म्हणजे एकाच जागी खोलीनुसार रोधकता मोजणं) चार सळया एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमध्ये व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या सळया लांब नेल्या की खोलवरचं कळतं. यंत्र हलकं, खर्च कमी. पण थर आडवे आणि सपाट आहेत असं ही पद्धत धरून चालते. धुळे-नंदुरबारकडे उभे डाईक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाचे पट्टे, भिंतीसारखे घुसलेले आहेत. तिथे एका जागेचा आलेख सहज फसवतो.

ईआरटीत (इलेक्ट्रिकल रेझिस्टिव्हिटी टोमोग्राफी) एका केबलवर कितीतरी सळया असतात, यंत्र आपणच जोड्या बदलत मोजतं आणि जमिनीचा सलग छेद हाती येतो. डाईक कुठे, झीज कुठे खोल गेली, हे दिसतं. मात्र 5 मीटरवर एक अशा 48 सळयांची रेष 235 मीटर होते आणि खोली मिळते जेमतेम 40-45 मीटर. लहान वावरात ती बसतच नाही.

कमी रोधकता म्हणजे पाणीच, असं दोन्हींत समजू नये. ओली चिकणमाती किंवा तांबड्या बोलचा (दोन लाव्हा थरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्याचा) थरही तसाच दिसतो. म्हणून शेजारच्या विहिरीचे उघडे थर आधी पाहून घ्या.

एकट्या शेतकऱ्याला मी दोन-तीन ठिकाणी व्हीईएस सुचवेन. गावाच्या पाणीयोजनेला किंवा पुनर्भरणाची जागा ठरवायला आधी ईआरटी, मग निवडलेल्या जागी व्हीईएस.