शुभवर्तमान आणि आजचा पश्चिम : कॅम्पातील मराठी अभ्यासवर्ग

बेळगावच्या कॅम्प भागातील एका ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, या हिवाळ्यात आधुनिक पाश्चात्त्य संस्कृतीतील सुवार्ताकार्य, म्हणजे ख्रिस्ताचे शुभवर्तमान लोकांना सांगण्याचे काम, या विषयावर सायंकाळचा अभ्यासवर्ग चालवला आणि तो पूर्णपणे मराठीतून चालवला. या विषयाची चर्चा आपल्याकडे झालीच तर ती इंग्रजीतून आणि पाळकवर्गापुरती होते. येथे मात्र शिक्षिका, निवृत्त कारकून आणि उद्यमबागेतील फौंड्रीत काम करणारे गृहस्थ एकाच बाकावर बसले होते, म्हणून या वर्गाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

वर्गाचा मुख्य आधार होता बिशप लेस्ली न्यूबिगिन यांचे आयुष्य आणि विचार. १९०९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले न्यूबिगिन १९३६ मध्ये मिशनरी म्हणून मद्रासला आले, तमिळ शिकले आणि १९४७ मध्ये दक्षिण भारत मंडळी (चर्च ऑफ साउथ इंडिया) स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या बिशपांपैकी एक झाले. १९७४ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतताना ते आणि त्यांच्या पत्नी हेलन दोन सुटकेसी आणि एक पाठपिशवी घेऊन, मिळेल त्या बसने, खुष्कीच्या मार्गाने निघाले. वाटेत आजच्या तुर्कस्तानातील कप्पदुकियात, म्हणजे एके काळी ख्रिस्ती विचाराचे माहेरघर असलेल्या प्रदेशात, रविवारची उपासना दोघांना एकट्यानेच करावी लागली, कारण सोबतीला दुसरा ख्रिस्ती माणूस सापडेना. हा प्रसंग मार्गदर्शक पाळकसाहेबांनी घाई न करता सांगितला. जी मंडळी आज भरलेली आहे ती उद्याही भरलेलीच राहील असे कोणी गृहीत धरू नये, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही. इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर सर्वांत जड काय गेले, असे विचारले असता न्यूबिगिन यांनी आशेचा अभाव असे उत्तर दिले होते. पुढे बर्मिंगहॅममधील विन्सन ग्रीन तुरुंगासमोरच्या एका छोट्या मंडळीचे पाळकपद त्यांनी सांभाळले आणि भारतापेक्षा तेथील काम कठीण आहे, असे त्यांचे मत झाले.

हे काम कठीण का, याचे विवेचन हा वर्गाचा सर्वांत कसदार भाग होता. पाश्चात्त्य समाजाने ज्ञानाचे दोन कप्पे केले : विज्ञानाने सिद्ध होते ते सर्वांसाठी सत्य आणि श्रद्धा व नीती ही ज्याची त्याची खासगी निवड, अशी न्यूबिगिन यांची मांडणी आहे. त्यामुळे चर्चला बंदी नसते, पण तिचे म्हणणे सार्वजनिक सत्य म्हणून कोणी ऐकतही नाही. येथे पाळकसाहेबांनी फौंड्रीवाल्या गृहस्थांनी आणलेले पंपाचे एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, टेबलावर ठेवले आणि ते चांगले की वाईट, असे विचारले. त्या गृहस्थांनी कडेवरून बोट फिरवले, वजनाचा अंदाज घेतला आणि ड्रॉइंग पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. वस्तू कशासाठी आहे हा प्रश्नच बाजूला ठेवला, तर तिचे माप घेता येते, पण तिला चांगली किंवा वाईट म्हणता येत नाही. माणसाच्या बाबतीत पश्चिमेने नेमके हेच केले, हा कठीण युक्तिवाद त्या एका उत्तराने सर्वांना उलगडला.

मला यापेक्षाही मोलाचा वाटला तो वर्गाचा प्रामाणिकपणा. १८२० मध्ये लंडन मिशन या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेने बेळगावात काम सुरू केले आणि १८३१ मध्ये मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी याच गावी जन्मले. अशा गावात बसून पश्चिमेच्या आध्यात्मिक दारिद्र्यावर ताशेरे ओढणे सोपे होते, परंतु पाळकसाहेबांनी ते होऊ दिले नाही. रविवारी उपासना आणि सोमवारी दुकानात वेगळाच हिशेब, ही फूट आपल्या घरातही शिरली आहे, हे त्यांनी परखडपणे मांडले. स्थानिक मंडळीचे जगणे हाच शुभवर्तमानाचा खरा अर्थ सांगणारा साक्षीदार, हा न्यूबिगिन यांचा आग्रह त्यामुळे आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटू लागले.

उणिवा आहेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर आले, २०११ मध्ये ते ५९.३ टक्के होते, एवढे सांगून विषय पुढे गेला. परंतु त्याच देशात आफ्रिका आणि आशियातून गेलेल्या ख्रिस्ती लोकांनी नव्या मंडळ्या उभ्या केल्या आहेत, त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच ऐकायला मिळाले नाही. ज्यांची मुले-मुली नर्सिंगसाठी तिकडे गेली आहेत, त्या पालकांना हाच भाग हवा होता. युरोपातील ज्ञानोदयाच्या, म्हणजे अठराव्या शतकातील बुद्धिवादी प्रबोधनाच्या, विचाराने धर्मस्वातंत्र्याला जे बळ दिले, त्याचीही दखल फार ओझरती घेतली गेली. छापील टिपणांच्या झेरॉक्स प्रती फिकट होत्या आणि खानापूरकडे जाणाऱ्यांना शेवटच्या बससाठी प्रश्नोत्तरांच्या ऐन भरात उठावे लागत होते.

शुल्क नाममात्र होते, चहा वेळेवर मिळत होता आणि प्रश्न विचारणाऱ्याला कोणी गप्प बसवले नाही. पुढचा वर्ग उन्हाळ्यात घेण्याचा विचार आहे असे कळते. तो अर्धा तास आधी सुरू करावा आणि टिपणे आदल्या आठवड्यात द्यावीत, अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे. बायबलचा थोडा परिचय असलेल्या कोणत्याही मराठी वाचकाने, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, या वर्गाला जरूर बसावे.