चुनखडीच्या भूरूपांचा संच: पेटी खणखणीत, चुनखडीच खोटी

नाशिकच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणारा, कार्स्ट प्रदेश, म्हणजे पाण्याने चुनखडी विरघळून घडलेला भूभाग, दाखवणारा हा संच शाळेसाठी घ्यायला हरकत नाही. अ‍ॅक्रिलिकची पेटी जाड आहे, सांधे गळत नाहीत, बाजूने पाणी सोडायला आणि तळातून काढायला नळ्या आहेत.

गोम आहे ती 'चुनखडी'त. दिलेल्या पांढऱ्या वड्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या. त्यांवर व्हिनेगर ओतलं तर फेस येत नाही, कारण फसफसतं ते कॅल्शियम कार्बोनेट. जिप्समच्या खडूचीही तीच गत. त्यापेक्षा फरशीवाल्याकडून शहाबादीचे तुकडे मागून आणा. कलबुर्गीकडची ही फरशी चुनखडीच आहे. अख्ख्या तुकड्यावर बुडबुडे मंद येतात, म्हणून खिळ्याने खरवडून भुकटीवर व्हिनेगर टाका. शेजारी आपला काळा पाषाण (बेसॉल्ट) ठेवा, तो ढिम्म. मात्र त्याच्या पोकळीत कॅल्साइटचे पांढरे स्फटिक असले तर तेवढेच फसफसतील आणि मुलं गोंधळतील. तुकडा निवडून घ्या.

विलयविवराचा, म्हणजे खालचा खडक विरघळून जमिनीला पडणाऱ्या खड्ड्याचा, प्रयोग सगळ्यात झकास: खाली साखरेचे क्यूब, वर वाळू. पण पुस्तिकेत सांगितलेली कोरडी वाळू साखरेबरोबर हळूहळू खाली सरकते, नुसता खळगा पडतो. चार भाग वाळूत एक भाग चिकणमाती कालवून जेमतेम ओलसर करा, थर दोन-अडीच सेंटिमीटरचा ठेवा आणि पाणी वरून न ओतता बाजूच्या नळीने सोडा. छत थोडा वेळ तग धरतं, मग धपकन बसतं. साखर नुसती विरघळते, चुनखडी मात्र कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पाण्यातल्या सौम्य आम्लाने झिजते, हे शिक्षकांनीच सांगायचं. पुस्तिका गप्प आहे.

लवणस्तंभांसाठी, म्हणजे गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या खांबांसाठी, एप्सम सॉल्टचं संपृक्त द्रावण आणि सुती दोरा आहे. पावसाळ्यात हा खटाटोप नको, दमट हवेत थेंब सुकत नाही, बशीत डबकं साठतं. दोरा फार खाली लोंबला तरी तेच. शिवाय गुहेत चुना साठतो तो मुख्यतः पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निसटल्यामुळे, पुस्तिका म्हणते तसा नुसत्या बाष्पीभवनाने नाही.

मुखपृष्ठावर पांडवलेणी छापणं तर कहरच! ती बेसॉल्टात छिन्नीने कोरलेली. बोर्रा, बेलम किंवा कुटुमसर अशा चुनखडीतल्या नैसर्गिक गुहेचा फोटो हवा होता.

साखर एकाच प्रयोगात संपते, किराणा दुकानातले क्यूब चालतात. धुताना चिकणमाती तळाच्या नळीत अडकते, म्हणून तोंडाशी आधीच स्पंजचा तुकडा बसवा.